संघ कप आणतोय, आमचा मुलगा बेंचवर बसतोय

पत्र

नमस्कार,

आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा सातवीत आहे. गेली दोन वर्षं तो वाशीच्या एका क्लबात फुटबॉल शिकतो. क्लबचं नाव मोठं आहे. त्यांच्या अंडर-13 संघानं यंदा तीन स्पर्धा जिंकल्या. आमचा मुलगा मात्र प्रत्येक मॅचला बेंचवर असतो. संघ तीन-चार गोलांनी पुढे असेल तरच सर त्याला शेवटची पाच मिनिटं उतरवतात. नोव्हेंबरचा जन्म, अंगानं किरकोळ. उतरला की सर बाहेरून ओरडतात, ‘ठेवू नको, मार लांब!’ घरी आला की खाली पार्किंगच्या भिंतीवर तासन्‌तास बॉल मारत असतो. हल्ली टाच दुखते म्हणतो. सरांना सांगितलं तर म्हणाले, नाटकं करतो.

माझ्या मिस्टरांचं म्हणणं, इथूनच पुढे निवड होते, जिंकणाऱ्या संघाकडेच लोकांचं लक्ष असतं, धीर धर, उंची वाढली की खेळवतील. त्यांनी फ्रिजवर नॉर्वेचा फुटबॉलपटू हालांडचा फोटो लावलाय. घराजवळच्या मैदानावर एक छोटा क्लब आहे. तिथे सगळ्यांना खेळवतात, पण तो संघ जवळजवळ प्रत्येक मॅच हरतो. मुलाला विचारलं तर गप्प बसतो. महिना साडेतीन हजार भरून त्याला बसून राहायला पाठवायचं का? की हरणाऱ्या संघात टाकून त्याची जिद्द मारायची?

एक आई, ऐरोली

उत्तर

ताई, नमस्कार.

क्लबचं नंतर बोलू. आधी टाच.

या वयात मुलांची हाडं झपाट्यानं वाढत असतात. टाचेच्या हाडाची वाढ जिथे होते तो भाग अजून पक्का झालेला नसतो आणि पोटरीचा स्नायू नेमका तिथेच ओढ घेतो. रोज धावणं, उड्या, अचानक थांबणं यानं तो भाग दुखायला लागतो. डॉक्टर याला सीव्हर्स म्हणतात. असंच दुखणं गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला येतं, तिथे हाताला लागेल असा उंचवटा दिसतो. त्याचं नाव ऑसगुड-श्लॅटर. खेळणाऱ्या मुलांमध्ये दोन्ही नेहमी आढळतात आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. पण तोवर खेळाचं प्रमाण कमी करावं लागतं, पोटरी ताणण्याचे व्यायाम करावे लागतात, बुटात टाचेखाली मऊ गादी घालावी लागते. कडक टर्फ आणि पातळ तळाचे स्टड असले तर त्रास वाढतो. तुमच्या मुलाला हेच झालंय की आणखी काही, हे ऑर्थोपेडिक डॉक्टरच सांगतील, म्हणून या आठवड्यातच दाखवून घ्या. तोवर त्याला सरावाला पाठवू नका. बारा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला ही दोन नावं ठाऊक असायलाच हवीत. दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला ‘नाटकं करतो’ असं ऐकवणाऱ्या सरांबद्दल माझं मत तिथेच वाईट झालं, आणि त्यांच्या कपाटातल्या कपांनी ते बदलणार नाही.

आता हालांड. तुमच्या मिस्टरांनी फोटो योग्य माणसाचा लावलाय, पण त्याची पुढची अर्धीच गोष्ट घरात पोचलीय. आज ताडमाड दिसणारा हा माणूस पंधराव्या वर्षापर्यंत आपल्या सोबत्यांत लहानखुराच होता. नॉर्वेतल्या ब्रिन नावाच्या छोट्या गावच्या क्लबात तो वाढला. त्याच्या वयाच्या चाळीसएक मुलांचा गट तिथल्या प्रशिक्षकांनी वर्षानुवर्षं एकत्र ठेवला, अंगानं लहान म्हणून कुणाला गाळलं नाही. उंचीचा आधार नव्हता म्हणून त्याला मोकळी जागा हेरायला आणि नेमक्या क्षणी धाव घ्यायला शिकावं लागलं. उंची नंतर आली, तेव्हा ते शिकणं आधीच अंगात मुरलेलं होतं. त्या देशात मुलं अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावतच नाहीत. मुलांच्या सगळ्याच खेळांना तिथे हा नियम आहे.

तेव्हा ‘उंची वाढली की खेळवतील’ हे मिस्टरांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. उंची वाढेलच. मुलांची उंची सर्वांत वेगानं वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमाराला, काहींची त्याआधी दोन वर्षं, काहींची दोन वर्षं उशिरा. पण तोपर्यंत हा मुलगा काय करणार? फुटबॉलमध्ये दहा ते चौदा हा काळ बॉलशी हात, माफ करा, पाय मिळवण्याचा. या वयात पायाला जी सवय लागते ती पुढे सतराव्या वर्षी लावायला गेलं तर फार जड जातं. बेंचवर बसून उंच झालेल्या मुलाला सोळाव्या वर्षी ‘चल, आता खेळ’ म्हटलं तर तो काय खेळणार?

तुमच्या मुलाचा संघ मी पाहिलेला नाही. पण ‘ठेवू नको, मार लांब’ एवढ्यावरून तो कसा खेळत असेल ते दिसतं, कारण ठाण्यापासून खारघरपर्यंत या वयोगटातले कितीतरी संघ असेच खेळतात. कीपर बॉल उचलून लांब उडवतो. मधली फळी तो डोक्यावरून जाताना बघत राहते. पुढे एक थोराड मुलगा असतो, मिसरूड फुटलेला. तो समोरच्या पोराला खांद्यानं बाजूला सारतो आणि लांबूनच उंच शॉट मारतो. पूर्ण आकाराचा गोल 2.44 मीटर उंच आणि 7.32 मीटर रुंद असतो. त्याच्याखाली दीड मीटरचा कीपर उभा. त्याच्या डोक्यावरून गेलेला जवळजवळ प्रत्येक बॉल आत. पाहणारे टाळ्या वाजवतात, सरही खूश. पावसाळ्यात तर हे आणखी सोपं होतं. जुलैच्या चिखलात जमिनीवरून दिलेला पास डबक्यात रुततो, मग जो बॉल हवेत ठेवतो तोच जिंकतो.

पुढच्या तीन-चार वर्षांत हे सगळं उलटतं. कीपरचे हात वरच्या दांडीला पोचतात. समोरचे डिफेंडर त्या थोराड मुलाएवढेच होतात. पाठीवर माणूस असताना बॉल थांबवून वळायचं कसं, हे त्या मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण त्याची कधी गरज पडली नाही. गाईडमधली उत्तरं पाठ करून सहामाहीत पहिला येणाऱ्या मुलाचं दहावीत जे होतं तेच त्याचं होतं. ताई, मला वाईट वाटतं ते यासाठी की या पद्धतीत फक्त तुमच्या मुलाचंच नुकसान होत नाही. आज सगळे गोल करणाऱ्या त्या मुलाचंही होतंय, आणि त्याच्या आईला ते आज दिसणं शक्य नाही. तिचं पत्र मला तीन वर्षांनी येईल.

खरं शिकणं वेगळं दिसतं. बॉल पायाशी येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघणं. पहिल्याच स्पर्शात बॉल विरोधी खेळाडूपासून लांब, मोकळ्या बाजूला घेणं. डाव्या पायानंही पास देता येणं. कीपरनं जवळच्या डिफेंडरला बॉल देणं आणि त्यानं न घाबरता पुढे खेळणं. हे शिकताना चुका होतात, त्याही स्वतःच्या गोलसमोर. बॉल हिसकावला जातो, गोल बसतो. जो प्रशिक्षक अंडर-13 च्या पोरांना असं खेळवतो तो काही मॅच नक्की हरतो. ती हार पत्करायची तयारी क्लबची आहे का, आणि पालकांची आहे का, इथे सगळं अडतं.

पालकांचं नाव मी मुद्दाम घेतलं. क्लब फीवर चालतात. टर्फ तासाच्या भाड्यानं घ्यावं लागतं, ते भाडं चढं असतं, आणि कप हातात घेतलेल्या संघाचा फोटो टाकला की नवे प्रवेश येतात. संघ हरला की त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर, काय चाललंय?’ सुरू होतं. तीन मॅच हरलेल्या प्रशिक्षकाला पुढच्या महिन्यात आपली बॅच राहील की नाही याची धास्ती असते. मग तो थोराड मुलांना उतरवतो आणि बॉल लांब मारायला लावतो. माणूस वाईट असतो असं नाही. आपण त्याच्याकडे जे मागतो ते तो देतो. तुमच्या संघातले दहा पालक जरी सरांना ‘हरलात तरी चालेल, पण सगळ्यांना खेळवा आणि पायाशी बॉल ठेवून खेळवा’ असं म्हणाले, तरी त्यांच्यावरचा निम्मा दाब उतरेल.

नोव्हेंबरच्या जन्माचंही सांगते. आपल्याकडे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबरात जन्मलेला एकाच गटात. या वयात दहा महिन्यांचा फरक खूप मोठा असतो, आणि एखाद्याची वाढ लवकर, दुसऱ्याची उशिरा सुरू झाली असेल तर शरीराच्या वयात काही वर्षांचं अंतर पडतं. 1980 च्या दशकात कॅनडात आइस हॉकीच्या मुलांच्या संघांत हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं, की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा कितीतरी जास्त आहे. नंतर फुटबॉलमध्येही देशोदेशी तेच आढळलं. मोठा दिसणारा निवडला जातो, निवडला म्हणून त्याला जास्त खेळायला मिळतं, जास्त खेळला म्हणून तो खरंच चांगला होतो. इंग्लंडमधल्या काही अकादमी म्हणूनच अधूनमधून मुलांना जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून खेळवतात. तुमच्या मुलाला मागे ठेवणारी गोष्ट त्याच्या पायात नाही, जन्मदाखल्यावर आहे. हे त्याला साध्या शब्दांत सांगा. या वयाची मुलं बेंचवर बसलं की ‘मला येतच नाही’ असं धरून बसतात, आणि कुणालाही न सांगता धरून बसतात. तो गप्प का आहे याचं एक कारण हे असू शकेल.

याच दाखल्यावरून एक इशारा देऊन ठेवते. जिंकण्याची हाव फार वाढली की काही ठिकाणी जन्मवर्षात फेरफार करायची गोष्ट निघते. कुठल्याही क्लबात कुणी तसं नुसतं सुचवलं तरी त्या दिवशी तिथून बाहेर पडा. राष्ट्रीय पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात, आणि फिफा 2009 पासून अंडर-17 वर्ल्डकपला मनगटाचं एमआरआय करते. पण पकडलं जाण्याची भीती ही त्यातली छोटी गोष्ट. मुलाला तुम्ही खेळाच्या पहिल्याच पायरीवर खोटं बोलायला शिकवलेलं असतं.

‘जिंकणाऱ्या संघाकडेच लक्ष असतं’ या मिस्टरांच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तो अगदीच बिनबुडाचा नाही. मोठ्या क्लबला चांगल्या लीग खेळायला मिळतात, समोर तगडे संघ येतात. त्या पातळीवर रोज खेळणाऱ्या मुलाला त्याचा फायदा होतो. खेळणाऱ्या मुलाला. बेंचवरून तगडा संघ बघणाऱ्याला फारसा नाही. पूर्ण नव्वद मिनिटांच्या सामन्यातही एका खेळाडूच्या पायाशी बॉल एकूण फार थोडा वेळच असतो. तुमचा मुलगा पाच मिनिटं उतरतो, त्यातही आलेला बॉल लांब मारून टाकायचा हुकूम. काही सेकंदांच्या त्या स्पर्शातून तो काय शिकणार, आणि बघायला आलेल्या माणसाला तरी काय दिसणार?

आणि निवड होते कशी? घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे, तुमच्यापासून दोन-तीन स्टेशनांवर. अशा ठिकाणी ट्रायलला गेलेल्या मुलांचे तिथल्या तिथे संघ पाडतात, एकमेकांना न ओळखणाऱ्यांचे, आणि छोट्या मैदानावर खेळवतात. तिथे कुणी विचारत नाही की तुझ्या क्लबनं किती कप जिंकले. बघतात ते हे की बॉल आला तेव्हा मुलानं आधी मान वर केली होती का, चुकल्यावर लगेच मागे धावला का, अडचणीत पास कुणाला दिला. ज्याला दोन वर्षं लांब मारायला शिकवलं तो तिथे पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

2017 चा अंडर-17 वर्ल्डकप मिस्टरांना आठवत असेल. काही सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच झाले होते, स्पेन-माली सेमीफायनलसकट. भारताचा संघ दिल्लीत खेळला आणि तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. गुणतक्त्यात शून्य. पण त्याच संघातला जेक्सन सिंग, ज्यानं कोलंबियाविरुद्ध भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल केला, पुढे भारताच्या मुख्य संघात गेला. सुरेश सिंग वांगजाम गेला, अन्वर अली गेला, रहीम अली गेला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्याच संघात होता. त्या मुलांना तीन सामन्यांत काय मिळालं? जगातल्या सगळ्यात चांगल्या समवयस्कांसमोर मैदानावर उभं राहणं. ते सामने कुणी बेंचवरून जिंकून दिले असते तर यातलं काय शिल्लक राहिलं असतं?

आता घराजवळच्या छोट्या क्लबबद्दल. तो हरतो म्हणून लगेच तो चांगला शिकवतो असं समजू नका. हरणं हा गुण नव्हे. काही क्लब हरतात कारण तिथे काहीच शिकवत नाहीत. सर फोनवर बोलत उभे असतात आणि मुलं आपली बॉलच्या मागे पळत असतात. शिवाय दर आठवड्याला 0-7 नं हरणाऱ्या संघात मुलाला धड तीन पास खेळायची संधी मिळत नाही, सगळा वेळ आपल्याच गोलसमोर जातो. 7-0 नं जिंकण्यातही तेवढंच नुकसान. सगळ्यात जास्त शिकणं होतं ते 2-3, 3-2 अशा मॅचमध्ये.

म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथला एक पूर्ण सराव बघा, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. एक मुलगा निवडा, सगळ्यात हुशार नाही आणि सगळ्यात कच्चाही नाही असा, आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. त्या वेळात बॉल त्याच्या पायाला किती वेळा लागला? मुलं रांगेत उभी राहून ओळीनं मांडलेल्या प्लॅस्टिकच्या शंकूंमधून बॉल नेण्याची वाट बघत असतील, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येतं. तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध चार असे छोटे खेळ चालू असतील तर सगळ्यांना सारखा बॉल मिळतो. जर्मनीनं 2024-25 पासून सगळ्यात लहान मुलांचे सामनेसुद्धा असेच छोट्या संघांचे केले, त्यामागचं कारण हेच. मग मॅच बघा. एखाद्या मुलाच्या चुकीनं गोल बसला की सर पुढच्या क्षणी काय करतात? त्याला लगेच बाहेर काढत असतील तर तिथेही तुमच्या मुलाला घालू नका. ‘चल, पुन्हा मागे ये आणि पुन्हा मागून खेळ’ म्हणत असतील तर तो संघ आज कितीही हरू दे, त्या सरांकडे पाठवा. हाच निकष आत्ताच्या क्लबलाही लावून बघा. कदाचित तिथला सराव चांगला असेल आणि फक्त मॅचच्या दिवशी सगळं बिघडत असेल. तसं असेल तर बोलण्यातून मार्ग निघू शकतो.

बोलायचं मात्र मॅचनंतर लगेच नाही, इतर पालकांसमोरही नाही. सरांना फोन करून वेळ मागा, दोघंही जा. ‘आमच्या मुलाला का खेळवत नाही’ असं सुरू केलं तर ते बचावाच्या पवित्र्यात जातील. असं विचारा: ‘सर, पुढच्या तीन महिन्यांत त्यानं कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्यात असं तुम्हाला वाटतं? आणि त्या त्याला मॅचमध्ये करून बघायला कधी मिळतील?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असेल तर त्यांचं मुलाकडे लक्ष आहे. ‘उंची वाढू दे, मग बघू’ एवढंच उत्तर आलं तर त्यांनी मुलाकडे बघितलेलंच नाही. दुसऱ्या प्रश्नाला ‘प्रत्येक मॅचला निदान अर्धा वेळ देतो’ असं काही ठोस आलं तर थांबा आणि पुढच्या चार-पाच मॅच बघा. टाचेबद्दल डॉक्टर जे लिहून देतील तो कागद त्याच भेटीत त्यांच्या हातात द्या.

तुम्ही विचारलंय, हरणाऱ्या संघात जाऊन जिद्द मरेल का. जिद्द मरते ती बसून राहण्यानं. मुलांना जिंकावंसं वाटतं आणि वाटायलाच हवं. हरल्यावर रडणारा मुलगा मला आवडतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-पाच जणांची मॅच लागली की बघा, पोरं एकेका गोलसाठी भांडतात, आणि संघ फारच एकतर्फी झाला तर स्वतःहून एक मुलगा इकडचा तिकडे देतात. त्यांना चुरस हवी असते. तुमचा मुलगा भिंतीवर तासन्‌तास बॉल मारतो हीच त्याची जिद्द, आणि अजून ती शाबूत आहे. ती टिकवायची तर त्याला असा संघ हवा जिथे हरलं तर त्याला स्वतःला लागेल, कारण तो मैदानावर होता. आत्ता त्याचा संघ तीन कप जिंकला आणि त्याच्या गळ्यातही तीन मेडल आली. ती त्यानं घरात कुठे ठेवलीत ते एकदा बघा. बहुधा कपाटात मागे सारलेली असतील.

मुलगा गप्प बसतो, कारण प्रश्न फार मोठा आहे आणि आई-बाबांचं त्यावर एकमत नाही हे त्याला कळतंय. एकाच्या बाजूनं बोललं की दुसऱ्याला वाईट वाटेल, एवढं बारा वर्षांच्या मुलाला नक्की समजतं. ‘क्लब बदलायचा का?’ असं विचारू नका. एखाद्या दिवशी, मॅच नसताना, दोघांपैकी एकानं त्याच्याबरोबर खाली जाऊन बॉल खेळा आणि ‘तुला मैदानावर कुठे खेळायला आवडतं, तिथे काय करायला आवडतं?’ एवढंच विचारा. मिस्टरांनी विचारलं तर उत्तम. त्यांचा खेळावर जीव आहे हे त्या फोटोवरून कळतंच. मुलाला ते बाबांच्या तोंडून ऐकायला हवंय की तू कुठल्याही संघात खेळलास तरी मी मॅच बघायला येईन. मॅच बघताना मात्र बाहेरून सूचना ओरडू नका, दोघांनीही. आत सर एक ओरडतात, बाहेर बाबा दुसरं, आणि मुलगा बॉलकडे बघायचं सोडून आवाजाकडे बघायला लागतो.

माझं मत विचाराल तर स्पष्ट आहे. सरांशी बोलून महिन्या-दोन महिन्यांत त्याला प्रत्येक मॅचला निदान अर्धा वेळ मिळू लागला नाही, तर हा सीझन संपताच क्लब बदला. छोट्या क्लबचा सराव बघून पटला तर तिथे, नाही तर नवी मुंबईत आणखी क्लब आहेत, दुसरा शोधा. सीझनच्या मध्येच घाईनं उठू नका. त्याचे सध्याचे मित्र तिथे आहेत आणि त्यांचा निरोप घ्यायला त्याला वेळ हवा. फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत त्याचं नाव सध्याच्या क्लबकडे असेल तर बदल त्याच यंत्रणेतून, ठरलेल्या काळातच होतो. तेव्हा आधी क्लबकडे त्याची नोंदणी झालीय का हे विचारून घ्या, नसल्यास काम सोपं. पुढच्या सहामाहीची फी एकदम भरायला सांगत असतील तर आत्ता फक्त महिन्याची भरा. आणि नव्या क्लबात पहिला महिना ट्रायल म्हणूनच जाऊ दे, किट त्यानंतर घ्या.